"पोटात कालवायलंय" म्हणजे दुखणं का मन?

लातूरची लेक
माझी माय औसा तालुक्यात खेड्यात राहती. धाकटा भाऊ नोकरीला पुण्याला गेला तेव्हापासून फोनवर एकच, "पोटात कालवायलंय गं, घास उतरंना." एका दवाखान्यात नेलं तर ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन दोन मिनिटांत बाहेर काढलं, घरी काय झालंय एवढं पण विचारलं नाही. मी म्हणलं माय तुला टेन्शन आलंय, तर चिडलीच, म्हणे टेन्शन बिन्शन काही नाही, पोटात होतंय. आता मला सांगा, पोटात गोळा आला, काळजात धस्स झालं, हातपाय गळाले हे नुसतं बोलणं असतंय का अंगात खरंच काही होतंय?

संभाजीनगरकर
ताई, होतंय. घाबरलं की शरीरात ॲड्रेनलिन नावाचं हार्मोन सुटतं, रक्त पोटाकडून कमी होऊन हातापायाच्या स्नायूंकडं जातं, पचन मंदावतं, म्हणून तो गोळा. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं तर 1884 मध्येच लिहिलं होतं की आधी अंगात बदल होतो आणि त्याची जाणीव म्हणजेच भावना. मी मानसशास्त्र शिकतोय, मला सगळ्यात आवडलेला अभ्यास 2014 चा, फिनलंड, स्वीडन आणि तैवानच्या सातशेएक लोकांना माणसाच्या चित्रावर रंगवायला लावलं की कुठल्या भावनेत अंगाचा कुठला भाग जागा होतो, कुठला मंदावतो. दुःखात लोकांनी हातपाय मंद दाखवले. म्हणजे आपले "हातपाय गळाले" तिकडच्या लोकांना पण कळलेत की! फक्त ते लोकांनी सांगितलेलं जाणवणं आहे, मशीननं मोजलेलं नाही.

किल्लारीजवळचा
पुस्तकातलं मला काही माहीत नाही. 30 सप्टेंबर 1993 ला भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. "पायाखालची जमीन सरकली" असं लोक सहज बोलतात, आमच्याकडं ती खरंच सरकली. अजून रात्री रस्त्यानं जड ट्रक गेला अन् पलंग जरा थरथरला की माझे पाय आधी खाली येतेत, मी उठून बसतो, भीती वाटायली हे नंतर कळतंय. बायको म्हणती घाबरलात का, तोवर मला ठाऊकच नसतं.

मराठीची शिक्षिका, परभणी
पण सगळंच अंगातून येत नाही हो. "जीव भांड्यात पडला" हे कुठल्या अवयवातून आलं सांगा? भाषाशास्त्रज्ञ लेकॉफ आणि तत्त्वज्ञ जॉन्सन या दोघांनी 1980 मध्ये मांडलं की आपण न दिसणारं दिसणाऱ्याच्या आधारानं समजून घेतो, मग राग उकळतो, जीव टांगणीला लागतो. भाषेनं दिलेली वाट असली की जाणीव त्याच वाटेनं जाते असं मला वाटतं. "टेन्शन" या शब्दात तुमच्या आईला स्वतःचं काहीच सापडत नसेल, "कालवणं" यात मात्र सगळं आहे, भाताचा घास हातानं कालवतो तसं आत काहीतरी ढवळतंय.

नर्स, अंबाजोगाई
ताई, आधी नीट तपासून घ्या. वयस्कर बायकांना हार्टचा त्रास कधीकधी पोटात जळजळ, मळमळ असाच जाणवतो, मनाचं आहे म्हणून सोडून देऊ नका. रिपोर्ट चांगले आले की तिच्याच शब्दात विचारा.

लातूरची लेक
तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल आहे. काल टेन्शनचं नाव नाही काढलं, एवढंच विचारलं, माय कधी कालवतंय गं जास्त? म्हणली, "सांजच्याला भाकरी थापताना. दोनच थापायच्या असत्यात ना आता." मग दहा मिनिटं फोनवर कोणीच काही बोललं नाही.