छतावर ४०० वॅटचं सोलार, तरी मोटरहोमच्या बॅटऱ्या भरत नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दोन महिने या सोलारशी झटापट चाललीये, आता माझं डोकं चालेनासं झालंय.

मांडणी अशी: २०० वॅटची दोन पॅनेल, पॅरललमध्ये. मागच्या लेबलवर कमाल पॉवरला २० व्होल्ट, १० अँपिअर; ओपन सर्किट (काहीच जोडलेलं नसताना) २४.३ व्होल्ट. ३० अँपिअरचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीत सोडणारा साधा प्रकार). १०० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, त्याही पॅरलल.

भर दुपारी कंट्रोलरच्या पडद्यावर १४.४ व्होल्ट आणि ११ अँपिअर दिसतात. दोनेक तासांत तो बॅटरी भरली म्हणून फ्लोटवर (भरलेली बॅटरी नुसती टिकवून ठेवायच्या कमी व्होल्टेजवर) जातो. आणि त्याच रात्री तीनच्या सुमारास फ्रिज कुईंकुईं करून बंद पडतो. उठून तो बंद करायचं काम अर्थातच माझ्याकडे.

ज्यांनी बसवून दिलं ते म्हणतात पॅनेल कमी पडतायत, तिसरं टाका. मला वाटतंय दोन्ही सीरीजमध्ये करून बघावीत. की एमपीपीटी (दुसऱ्या, जास्त हुशार प्रकारचा कंट्रोलर) घ्यावा? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १:
आधी एक: पीडब्ल्यूएम ठेवून सीरीज करू नका. दोघांचे मिळून ४८ व्होल्ट होतील, १२ व्होल्टचे बरेचसे साधे कंट्रोलर तिथेच जळतात.
खरेदीचं नंतर बघू. मल्टीमीटर आहे ना? चार्जिंग चालू असताना थेट बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. पडद्यावरचा आकडा नको. कंट्रोलर कुठे आहे आणि तिथून बॅटरीपर्यंत वायर किती लांब, किती जाड, तेही सांगा.

धागाकर्ता:
मोजलं. पडद्यावर १४.४, बॅटरीवर १३.३! दोनदा मोजलं, मीटरची बॅटरीसुद्धा बदलून पाहिली.
कंट्रोलर मागच्या कपाटात आहे, छतावरून वायर तिथेच उतरते म्हणून. बॅटऱ्या पुढे ड्रायव्हरच्या सीटखाली. मधे ७ मीटर, अडीच एमएमची (म्हणजे चौरस एमएम) वायर. हात लावून पाहिला, गरम वगैरे काही लागत नाही.

प्रतिसाद १:
सापडला की चोर. जाऊन-येऊन १४ मीटर तांबं, अडीच एमएममध्ये त्याचा रोध साधारण ०.१ ओहम. ११ अँपिअरला १.१ व्होल्ट वायरीतच गेले. १४.४ मधून १.१ वजा करा, तुमच्या मीटरचाच आकडा येतो. वाया जाणारे १२ वॅट १४ मीटरभर पसरतात, हाताला काय कळणार?
कंट्रोलरला फक्त आपल्या टर्मिनलवरचं व्होल्टेज दिसतं. तिथे १४.४ झाले की तो करंट आवरता घेतो, ठरलेली वेळ संपली की फ्लोटवर जातो. बॅटरी बिचारी अर्धपोटीच. तिसरं पॅनेल टाकलंत तरी हेच होणार.
कंट्रोलर उचलून बॅटरीशेजारी न्या. दोघांमध्ये मीटरभरच अंतर, १० एमएमची वायर. लांब पल्ला पॅनेलच्या बाजूला जाऊ दे. तिथे २० व्होल्ट आहेत, दोनेक व्होल्ट पडले तरी पीडब्ल्यूएमला फरक पडत नाही. मात्र पूर्ण २० अँपिअर बंदिस्त जागेतून न्यायचे तर अडीच एमएम जेमतेम आहे, ६ ओढलीत तर बरं.

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत, पण एमपीपीटीला इतक्यात वाऱ्यावर सोडू नका. पीडब्ल्यूएम पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो: एका पॅनेलचे १३.५ गुणिले १० म्हणजे १३५ वॅट, बाकीचे ६५ गेले. एमपीपीटी जास्तीच्या व्होल्टेजचा करंट करून देतो. मग सीरीजही चालेल, ४० व्होल्टला १० अँपिअर, जुनीच वायर पुरेल. फक्त ५० व्होल्ट मर्यादेचा घेऊ नका. दोघांचं मिळून ओपन सर्किट ४८.६ हा २५ अंशांचा आकडा आहे, गारठ्यात तो चढतो आणि शून्य अंशाला ५० ओलांडून जातो.

प्रतिसाद ३:
छतावर व्हेंट किंवा एसीचा डबा असेल तर सीरीजच्या भानगडीत पडू नका. एका पॅनेलवर सावली आली की दुसऱ्याचंही गणित बिघडतं. माझं मत पॅरललच.
आणि फ्यूजबद्दल अजून कुणी बोललं कसं नाही? बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात ४० अँपिअरचा फ्यूज हवाच. वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, पॅनेल नव्हे.
जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. शिवाय एका बॅटरीचं पॉझिटिव्ह आणि दुसरीचं निगेटिव्ह असं तिरकं कनेक्शन घ्या, नाहीतर एकच बॅटरी राबत राहते.

धागाकर्ता:
फ्यूज नव्हताच! बसवला. कंट्रोलर सीटमागे हलवला, तिरकं कनेक्शन केलं, पॅनेलकडून ६ एमएम ओढली. कपाटाच्या फळीला पडलेली चार भोकं कुणाला दिसू नयेत म्हणून तिथे चहाचे डबे ठेवलेत.
काल दुपारी १९ अँपिअर पाहिले. पडद्यावर १४.४, बॅटरीवर १४.३. फ्रिज रात्रभर चालला, पहाटे १२.४ व्होल्ट होते.
एकच शंका: दोन महिने उपाशी राहिलेल्या बॅटऱ्या सुधारतील का?

प्रतिसाद १:
प्लेटांवर सल्फेट जमलं असणार, थोडंफार उतरेल. आठवडाभर रोज पूर्ण भरू द्या. पाणी घालायच्या प्रकारातल्या असतील तर मग हायड्रोमीटरने (आम्लाची घनता मोजायचं साधन) प्रत्येक सेल तपासा. भरलेल्या बॅटरीत १.२६५ च्या आसपास यायला हवं. सगळे सेल जवळपास सारखे असतील तर निर्धास्त राहा, एखादाच फार खाली असेल तर ती बॅटरी वेगळी काढा, नाहीतर दुसरीलाही खाली ओढेल.