'बँड' की 'वाद्यवृंद'?

चकवा: एका अंकासाठी फिलिपिन्सच्या लोकप्रिय संगीतावर लेख लिहिलाय. त्यात 'इरेझरहेड्स हा बँड १९८९ साली दिलिमानच्या विद्यापीठात जमला' असं वाक्य होतं. संपादकांनी लेखभर 'बँड' खोडून 'वाद्यवृंद' केलं. का, तर 'बँड म्हटलं की वाचकाला वरात दिसते.' चार कॉलेजकुमार, गिटारी, ड्रम. ह्यांना वाद्यवृंद म्हणायला जीभ वळेना. दुसरा शब्द आहे का?

शुद्धमती: संपादकांचं काय चुकलं? आकाशवाणीचा वाद्यवृंद चालतो, मग मनिलाचा का नको? अगदीच जड वाटत असेल तर 'गानपथक' करा.

तात्या पेणकर: पथक म्हटलं की मला ढोल नाहीतर भरारी पथक आठवतं. आमच्याकडे सरळ 'बेंजो' म्हणतात. करा इरेझरहेड्स बेंजो पार्टी, पेण.

फेस्तकार: गोव्यातून लिहितोय. फेस्ताला वाजतो तोही बँड, लग्नात नाचायला लावतो तोही बँड, कुणाचा गोंधळ होत नाही. फिलिपिन्समध्येही तसंच. स्पॅनिशांकडून आलेला 'बांदा' गावच्या सणातल्या पितळी वाद्यांनाही आणि रॉकवाल्यांनाही चालतो. तिकडे काय, आमच्याकडे काय, चर्चमुळे स्वरलिपी वाचणारे वादक तयार झाले. आमचे मुंबईच्या सिनेमात शिरले, त्यांचे आशियाभरच्या हॉटेलांत.

शुद्धमती: म्हणजे त्यांनी उसना घेतला म्हणून आपणही घ्यायचा?

झुळूक: ताई, उसन्याचा धसका घेतलात तर तिकडचं अर्धं संगीत सोडावं लागेल. सत्तरच्या दशकातला 'मनिला साउंड' उभाच टॅगलिशवर, म्हणजे तागालोग ह्या तिकडच्या भाषेत इंग्रजी मिसळून. त्यातल्या गाजलेल्या बँडचं नाव चक्क 'हॉटडॉग'. १९७४ ची मिस युनिव्हर्स स्पर्धा मनिलात झाली, तर ह्यांनी त्याच वर्षी प्रेयसीला 'माझ्या आयुष्याची मिस युनिव्हर्स' करून टाकलं! नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडली, लोकांनी गाणी पाठ केली.

शुद्धमती: आणि त्याच देशाला १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनोंच्या आदेशाने रेडिओवर तासाला किमान चार देशी रचना वाजवणं सक्तीचं करावं लागलं. आपोआप काही टिकत नाही.

झुळूक: सक्ती रचना देशी असण्याची होती. शब्द शुद्ध असण्याची नव्हे.

चकवा: अहो, माझा शब्द…

कोशातला किडा: 'कुंदिमान' लेखात आलाय का? जुना प्रेमगीतांचा प्रकार. मला तो उघड उघड 'कुंद मन' वाटतो. सुरुवात मायनरमध्ये, म्हणजे पाश्चात्यांच्या उदास स्वरसप्तकात, सगळा विरह. तागालोगमध्ये आपले शब्द खच्चून आहेतच: गुरो, मुखा, दिवाता.

फेस्तकार: किडेसाहेब, कुंदिमान उत्तरार्धात मेजरमध्ये, म्हणजे उजळ सप्तकात जातो, तिथे तुमचं कुंद मन एकदम लख्ख होतं. 'कुंग हिंदी मान', म्हणजे साधारण 'तसं नसलं तरी', ह्याचा तो आटोपशीर उच्चार, असं तिकडे सांगतात.

कोशातला किडा: तीही लोकव्युत्पत्तीच. माझी निदान गोड आहे. बरं, 'महाल' घ्या. तागालोगमध्ये अर्थ 'प्रिय' आणि 'महाग' दोन्ही. मूळ संस्कृत 'महार्घ' मानतात, ज्यातून आपला 'महाग' आला.

तात्या पेणकर: प्रेम महागच पडतं. ह्याला व्युत्पत्ती कशाला लागते?

झुळूक: चकवा, फ्रेडी अगिलारच्या १९७८ च्या 'अनाक'चं काय केलंत? आईबापांनी जीव लावला आणि पोर वाया गेलं, ते गाणं.

चकवा: 'मुला' केलंय.

झुळूक: चुकलं. 'अनाक'मध्ये मुलगा-मुलगी भेद नाही. मराठीत नपुंसकलिंग फुकट पडलंय, ते वापरा की! 'लेकरा'.

शुद्धमती: 'लेकरा' फारच लाडाचं. वाया गेलेल्याला कोण लेकरू म्हणतं?

तात्या पेणकर: आई.

फेस्तकार: वाद्यवृंदाविषयी एक राहिलं. एसबी१९ हे फिलिपिन्सचे पाच पॉप गायक, २०१८ पासूनचे. गातात, नाचतात, रंगमंचावर हातात वाद्य नाही. संपादक त्यांचंही वाद्यवृंद करणार?

शुद्धमती: त्यांना बँड तरी का म्हणायचं? 'गट' म्हणा.

तात्या पेणकर: गट म्हणजे महिला बचत गट.

कोशातला किडा: तात्या, ते बेंजो. तुमच्या पार्टीत खरा बँजो असतो का? मी पाहिला तो बुलबुलतरंग होता, वर पट्ट्या, खाली तारा. मग नाव बँजोचं कसं चिकटलं?

तात्या पेणकर: विजेवर चालतो आमचा. बुलबुल म्हटलंत तर पोरं मारायला येतील.

कोशातला किडा: ह्यावर वेगळा धागा काढतो.