व्हिएतनाममध्ये अमेरिकेचा 'सहभाग' की 'हस्तक्षेप'?

प्रश्न : भाषांतर करताना अडले आहे. व्हिएतनाम युद्धावरच्या लेखात अमेरिकेबद्दल 'सहभाग' लिहावे की 'हस्तक्षेप'? 'अमेरिका युद्धात गुंतली' असेही वाचनात येते. यांत नेमका फरक काय?

उत्तर : फरक मोठा आहे. स्पर्धेत, शिबिरात, चर्चेत आपला 'सहभाग' असतो. त्यात बोलावणे असते, निदान मज्जाव तरी नसतो. 8 मार्च 1965 ला अमेरिकन मरीन सैनिक लढाईच्या पूर्ण तयारीनिशी दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा समोर व्हिएतनामी मुली फुलांचे हार घेऊन उभ्या होत्या. तेवढे हारच पाहिले तर 'सहभाग' शोभतो. पण 1969 पर्यंत तिथे पाच लाखांहून जास्त अमेरिकन सैनिक होते. याला सहभाग म्हणवत नाही.

'हस्तक्षेप' म्हणजे दुसऱ्याच्या कामात हात घालणे. 1954 च्या जिनिव्हा परिषदेत व्हिएतनामचे तात्पुरते उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि तिथेच ठरल्याप्रमाणे 1956 मध्ये साऱ्या व्हिएतनाममध्ये निवडणुका व्हायच्या होत्या. त्या झाल्या असत्या तर उत्तरेचे नेते हो ची मिन्ह यांचे साम्यवादी जिंकतील, ही धास्ती होती. दक्षिणेतल्या न्गो दिन्ह दिएम सरकारने निवडणुका नाकारल्या आणि अमेरिका त्याच्या पाठीशी राहिली. इथे 'हस्तक्षेप' चपखल बसतो.

माझी खरी तक्रार 'गुंतली'बद्दल आहे. दोरा गुंततो, पदर काट्यात गुंततो. कोणी गुंतवला ते सांगावे लागत नाही. अमेरिकेने मात्र एकेक निर्णय घेतला : 1950 पासून तिथल्या वसाहतीसाठी लढणाऱ्या फ्रान्सला पैसा आणि शस्त्रे, मग सल्लागार, ऑगस्ट 1964 मध्ये अध्यक्षांना लष्करी बळ वापरायची मुभा देणारा टोंकिन आखाताचा ठराव, मग सैन्य. युद्ध कधी रीतसर पुकारलेच नाही. अकर्मक क्रियापद वापरले की हे सगळे निर्णय वाक्यातून गळून पडतात.

'सल्लागार' हाही जपून वापरायचा शब्द. मराठीत सल्लागार म्हटले की खुर्चीत बसून मत देणारा माणूस दिसतो. 1963 च्या अखेरीस दक्षिणेत असे सोळा हजार 'सल्लागार' होते आणि त्यांतले काही दक्षिणेच्या सैनिकांना हेलिकॉप्टरमधून लढाईत नेत होते. निदान 'लष्करी सल्लागार' तरी लिहा.

प्रश्न : आणि 'व्हिएतकाँग'? हे तर दक्षिणेतल्या सरकारविरुद्ध लढणाऱ्यांचे नावच ना?

उत्तर : त्यांनी स्वतः घेतलेले नव्हे. 'व्हिएतनामी कम्युनिस्ट' याचे ते आखूड रूप, सायगॉनच्या, म्हणजे दक्षिणेच्या राजधानीतल्या सरकारच्या, बाजूने हेटाळणीने रूढ केलेले. त्यांच्या संघटनेचे नाव राष्ट्रीय मुक्ती आघाडी, स्थापना डिसेंबर 1960. तिच्यात साम्यवादी नसलेलेही लोक होते. अवतरणात 'व्हिएतकाँग' जरूर ठेवा. तुमच्या स्वतःच्या वाक्यात 'मुक्ती आघाडीचे सैनिक' लिहा. युद्धाच्या नावाचेही असेच आहे. आपण 'व्हिएतनाम युद्ध' म्हणतो. तिथे त्याला 'खांग चिएन चोंग मी', म्हणजे अमेरिकेविरुद्धचा प्रतिकार, म्हणतात.

प्रश्न : मग 30 एप्रिल 1975 साठी काय लिहू? सायगॉनचे 'पतन' लिहिले आहे.

उत्तर : हनोईच्या, म्हणजे उत्तरेच्या सरकारच्या, लेखी तो दक्षिणेच्या मुक्तीचा दिवस, देश सोडून गेलेल्या अनेकांच्या लेखी काळा एप्रिल. या दोन्हींपैकी एक बाजू उचलायची नसेल तर 'पाडाव' लिहा. 'पतन' आपोआप झाल्यासारखे वाटते, पाडाव मात्र कोणीतरी करावा लागतो. त्या सकाळी उत्तरेचे रणगाडे राजवाड्याचे फाटक मोडून आत शिरले होते.