मदत हवी आहे: खानापूर भागात मराठी सिनेमाचं शूटिंग, अनुदानाचं कसं करायचं?

नमस्कार मंडळी, आमच्या मराठी सिनेमाचं निम्मं शूटिंग खानापूर तालुक्यात (कर्नाटकातला, बेळगाव जिल्हा) ठरलंय, जुना वाडा मिळालाय, गावच्या सुतारानं चौकटी दुरुस्त करून रंगसुद्धा दिलाय, आणि आता पुण्याचे निर्माते म्हणतात सगळं कोल्हापूरकडं हलवूया, तिकडं चित्रनगरी आहे आणि अनुदानाचं सोपं पडेल. मग इथले लाईटवाले, जेवणवाले, जनरेटरवाले यांनी काय करायचं? ही सगळी आपलीच पोरं हो!

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात बघा, 2008 पासून राज्यात केलेल्या खर्चावर 20 टक्के टॅक्स क्रेडिट (म्हणजे करात तेवढी सूट), सिनेमात राज्याचा लोगो लावला की आणखी 10, म्हणून तर तिथं एवढं काम गेलं. आपल्या केंद्र सरकारची खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत पैसे परत द्यायची योजना आहे, पण ती परदेशी प्रॉडक्शनसाठी, आपल्यासारख्यांना तिचा काही उपयोग नाही.

कुणी हे केलं असेल तर सांगा की, शूटिंग बेळगाव जिल्ह्यात झालं तरी महाराष्ट्राच्या मराठी चित्रपट अनुदानाला अर्ज चालतो का, निर्माता तिकडचाच असावा लागतो का? आणि कर्नाटकाकडं मराठी सिनेमासाठी मागता येतं का? इथल्या दुकानदारांची जीएसटी बिलं आत्तापासून वेगळी ठेवायची का, कारण मंडपवाला कच्च्या चिठ्ठीवरच हिशोब देतोय. चित्रपटाची कामं बघणारा एखादा सीए ओळखीचा असेल तर तेही कळवा. निर्मात्यांना या आठवड्यात उत्तर द्यायचंय.