कोच "मार" म्हणतो तेव्हा (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

विनायक काका: सौरभ, तू सांगितलेली ती मॅच काल रात्री बसून पूर्ण बघितली रे, एनबीए बास्केटबॉलमधली, बोस्टन आणि न्यूयॉर्कची, मे २०२५ ची. बोस्टनने साठ वेळा लांबून, तीन पॉइंटच्या लाइनबाहेरून मारले आणि त्यातले ४५ चुकले! वीस पॉइंटची लीड हातात होती ती घालवली आणि ओव्हरटाइममध्ये १०८-१०५ हरले. जरा आत घुसा रे बाबांनो असं सांगणारा कोणी नव्हता का बेंचवर?

सौरभ: होता की काका. तोच सांगत होता, मारा म्हणून

मिहीर: हाहाहा

विनायक काका: हसू नकोस मिहीर. आमच्या वेळी असा दुसरा शॉट मारला असता तर उरलेली मॅच बाकावर बसून दुसऱ्यांचे टॉवेल सांभाळले असते

सौरभ: तेच तर म्हणतोय ना, तुमच्या कोचने ज्याला वेडावाकडा शॉट म्हटलं असतं तोच बोस्टनचा कोच माझूलाच्या टीममध्ये चांगला शॉट. शॉट तोच, माणूस मोकळा, फक्त बेंचवर बसलेला माणूस वेगळा. आणि याच पद्धतीने २०२४ ला चॅम्पियन झाले बरं का, पुढच्या सीझनला तर मॅचला सरासरी ४८ थ्री (तीन पॉइंटचे शॉट) मारत होते, म्हणजे निम्म्याहून जास्त शॉट लाइनच्या बाहेरूनच

विनायक काका: हे कुठलं गणित पण

सौरभ: सोपं आहे काका. थ्री साधारण ३६ टक्के पडतात, म्हणजे शंभर मारले तर १०८ पॉइंट. आता तुम्ही लाइनच्या एक पाऊल आत उभे राहून मारा, दोनचा शॉट, तो पडतो ४० टक्क्यांच्या आसपास, शंभराचे ८०. एका पावलात २८ पॉइंट गेले. रिंगखालचा लेअप याहून भारी आहे पण तिथे कोणी मोकळं सोडत नाही ना, म्हणून आत नाहीतर बाहेर, मधलं शक्यतो नको

विनायक काका: बरं मग १९७९ ला लाइन आखली तेव्हा हे पाढे कोणाला येत नव्हते का? तेव्हाही तीनला तीनच होते

सौरभ: काका हा प्रश्न भारी आहे, सांगतो, जरा लांब होईल. पहिल्या सीझनला एकेक टीम मॅचला सरासरी तीन थ्रीसुद्धा मारत नव्हती आणि पडायचे २८ टक्के, शंभराचे ८४ झाले. म्हणजे तेव्हाचे कोच तेव्हाच्या आकड्यांना धरून बरोबरच होते. पण २८ का पडायचे, तर प्रॅक्टिसच नाही. प्रॅक्टिस का नाही, तर कोच मारू देत नाही. कोच का मारू देत नाही, तर २८ टक्केच पडतात!! हे असं वर्षानुवर्षं चाललं, कोंबडी आधी की अंडं आधी. मग मधे एखादा वेडा कोच यायचा, १९८७ ला न्यूयॉर्कला रिक पिटिनो आला त्याने पोरांना मोकळं सोडलं, लोकांना वाटलं गंमत आहे, कॉलेजवाला माणूस आहे, चार दिवस चालेल. खरा फरक पडला तो फीनिक्सला डी'अँटोनी कोच झाल्यावर, त्याने सांगितलं की सात सेकंदात मारायचा, समोरचे लोक मागे धावत जाऊन नीट उभे राहायच्या आत. शॉट मारायला २४ सेकंद मिळत असताना सातमध्ये मारायचा म्हणजे तोपर्यंत त्याला उतावळेपणा म्हणायचे. आधीच्या सीझनला २९ मॅच जिंकलेली टीम २००४-०५ ला ६२ जिंकली. अर्थात स्टीव्ह नॅशसारखा पास देणारा आला होता, ते विसरून चालणार नाही

मिहीर: नॅश नसता तर सात सेकंदात बॉल सरळ समोरच्यांच्या हातात

देशमुख (सेक्रेटरी): लिफ्टचं काम चालू आहे, अर्धा तास जिन्याने या. चर्चा चालू द्या

प्राजक्ता: मी मधेच बोलते हं. सौरभ तू आकडे सांगतोयस ते ठीक आहे पण खेळणाऱ्याच्या बाजूने वेगळंच असतं. मी कॉलेजला खेळायचे तेव्हाची गोष्ट, तिसरा क्वार्टर, मी कॉर्नरला मोकळी, पाय सेट, मारला, रिंगला लागून बाहेर. पुढच्या डेड बॉलला बझर, बदली. कोच एक अक्षर बोलले नाहीत, नुसतं वर स्कोअरबोर्डकडे बघितलं. त्यांनी आम्हाला शंभर वेळा सांगितलं होतं की मोकळं असाल तर मारा. पण त्या दिवसानंतर कॉर्नरला बॉल आला की मी आधी बेंचकडे बघायचे आणि मग रिंगकडे, आणि तेवढ्यात समोरची पोरगी अंगावर आलेली असायची. मग पास. मग सगळे म्हणायचे प्राजक्ताला कॉन्फिडन्स नाही

विनायक काका: अगं हे आम्हाला कधी सांगितलं नाहीस

प्राजक्ता: विचारलं कोणी काका

सौरभ: ताई तू एका मेसेजमध्ये सगळं सांगितलंस, मी मघापासून भाषण ठोकतोय. बोर्डावर काय लिहिलं त्याने काही होत नाही, चुकल्यावर बदली येते की नाही यावरून खेळाडू शिकतो. आता बरेच कोच उलटं करतात, मोकळा असून मारला नाही तर बाहेर काढतात

मिहीर: ब्रूक लोपेझचं सांग त्यांना

सौरभ: हां. काका, ब्रूक लोपेझ, सात फुटी सेंटर, रिंगकडे पाठ करून खेळणारा, तुमच्या आवडीचा प्रकार. पहिल्या आठ सीझनमध्ये मिळून थ्री मारले ३१ आणि पडले ३

विनायक काका: शहाणा माणूस

सौरभ: थांबा. २०१६ ला ब्रुकलिनला केनी ॲटकिन्सन नवा कोच आला. त्या एका सीझनला लोपेझने मारले ३८७ आणि पडले १३४. माणूस तोच, हात तेच, वय २८, उलट पायाची ऑपरेशनं झालेली. कोणीतरी फक्त म्हटलं की बाहेर उभा राहा आणि मार

विनायक काका: ३१ चे ३८७?

सौरभ: हो. आणि पुढे मिल्वॉकीला गेला तिथे बुडेनहोल्झर कोच, त्याने काय केलं तर प्रॅक्टिसच्या कोर्टवर थ्री लाइनच्या बाहेर निळ्या टेपने पाच चौकोन आखले. दोन कॉर्नरला, दोन बाजूला, एक मधे समोर. अटॅकला आलात की जाऊन चौकोनात उभे राहा, बस. म्हणजे बघा, बॉल हातात यायच्या आधीच शॉट ठरला! आपल्याला टीव्हीवर वाटतं खेळाडूने त्या क्षणी ठरवलं, पण तो तिथे उभा का होता हे महिनाभर आधी टेप लावणाऱ्याने ठरवलेलं असतं. आणि लोपेझ बाहेर उभा राहिला की त्याला धरणारा समोरचा सेंटरही बाहेर यायला लागतो, मग रिंगखाली मैदान मोकळं आणि त्यांचा स्टार यानिस सुसाट आत. त्या सीझनला ६० मॅच जिंकले. लोपेझचा चुकलेला थ्रीसुद्धा कामाचा, कारण पुढच्या वेळी त्याला कोणी मोकळं सोडत नाही

प्राजक्ता: हे मस्त आहे, पाचवा चौकोन रिकामा दिसला तर सगळ्यांना कळणार कोण जागेवर नाही

विनायक काका: ठीक आहे, पटलं थोडंसं. पण मग नाही पडत त्या दिवशी काय करायचं? बोस्टनवाले ४५ चुकेपर्यंत मारतच होते की. कोच कशाला असतो मग, टेप लावायला?

मिहीर: काकांचा पॉइंट बरोबर आहे. ह्यूस्टन २०१८ आठवा

सौरभ: ती जखम काढू नकोस

मिहीर: काका, हाच डी'अँटोनी, ह्यूस्टनला. त्या सीझनला निम्म्याहून जास्त शॉट थ्री मारणारी लीगच्या इतिहासातली पहिली टीम, ६५ मॅच जिंकल्या. गोल्डन स्टेटविरुद्ध सिरीजची सातवी मॅच, जिंकले तर फायनल, हाफटाइमला पुढे होते. पण दुसऱ्या क्वार्टरपासूनच सलग २७ थ्री चुकत गेले. सत्तावीस. एकूण ४४ पैकी ७ पडले

विनायक काका: सत्तावीस!! आणि कोणी थांबवलं नाही?

सौरभ: इथे मी काकांच्या बाजूने आहे थोडासा. त्यांचा ख्रिस पॉल मांडी धरून बाहेर बसला होता आणि मधल्या पट्ट्यातून हमखास शॉट काढणारा तोच एक होता. वर्षभर पोरांना मधला शॉट पाप आहे असं शिकवलं की अडचणीच्या दिवशी तो येणार कुठून. पण दुसरी बाजू पण आहे, दहावा चुकल्यावर कोच म्हणाला की आता मारू नका, तर प्राजक्ताताईच्या बेंचकडे बघण्यासारखं पाच जणांचं होणार. सरळ उत्तर माझ्याकडे नाही

प्राजक्ता: मी तरी मारा म्हणणाऱ्या कोचकडे खेळले असते, सत्तावीस चुकले तरी

विनायक काका: आणि तो सॅन अँटोनिओचा २०२५ पर्यंतचा म्हातारा कोच? पॉपोविच. त्याला हे थ्री प्रकरण आवडत नाही असं ऐकलंय, माणूस मला आवडतो

सौरभ: आवडत नाही हे त्याने स्वतः सांगितलंय, पण गंमत बघा, कॉर्नरचा थ्री त्यानेच ब्रूस बोवेनकडून वर्षानुवर्षं मारून घेतला, कारण कॉर्नरला लाइन जवळ असते, २२ फूट, समोरून २३ फूट ९ इंच. म्हातारा शिव्या घालायचा पण स्वस्त माल सोडायचा नाही. आणि २०१८-१९ ला त्याच्याकडे डेरोझन आणि ऑल्ड्रिज, दोघेही मधल्या शॉटचे राजे, तर त्या वर्षी त्याने लीगमध्ये सगळ्यात कमी थ्री मारले आणि टक्केवारीत पहिला नंबर. जे थोडे मारले ते निवडून मारले

विनायक काका: बघ!

मिहीर: आणि २०२५ ची चॅम्पियन ओक्लाहोमा, शाय गिल्जस-अलेक्झांडर बहुतेक दोनचेच मारतो की

सौरभ: त्याला परवानगी आहे कारण त्याचा पडतो. त्याच टीममधल्या बाकीच्यांनी तसा मधूनच थांबून मारला तर त्यांचा कोच डेग्नॉल्ट उभा राहील बेंचवरून. लायसन्स प्रत्येकाचं वेगळं असतं

विनायक काका: म्हणजे आमचे कोच चुकीचे नव्हते, फक्त माझं लायसन्स काढलं नव्हतं त्यांनी

प्राजक्ता: काका तुमची टक्केवारी किती होती

विनायक काका: कोणी मोजली होती? सौरभ, ती सलग सत्तावीस चुकलेली मॅच पाठव बरं. पूर्ण नको, फक्त ते सत्तावीस

सौरभ: पाठवतो. पण आवाज बंद करून बघा, कॉमेंट्री ऐकवत नाही