समुद्री शेवाळ, आतडी आणि स्मृती
चिनी वैद्यकाने आतड्यातले जिवाणू सुधारून अल्झायमर बरा केला, असा एक दावा वाचनात आला. रोख बहुधा जीव्ही-९७१ कडे असावा. तपकिरी समुद्री शेवाळापासून केलेलं हे औषध चीनने नोव्हेंबर २०१९ मध्ये सशर्त मंजूर केलं. आधार होता ८१८ रुग्णांवर ३६ आठवडे चाललेल्या चाचणीचा. पण आंतरराष्ट्रीय चाचणी २०२२ मध्ये अर्ध्यावरच थांबली. शिवाय ही प्रयोगशाळेतली कॅप्सूल आहे, पारंपरिक काढा नव्हे.

तरी प्लीहा-जठर बिघडलं की कफ साचतो आणि बुद्धी झाकोळते, हे तिकडचं जुनं म्हणणं. आणि कफ मोडायला तिथले वैद्य समुद्री शेवाळही देत आलेत. हे मला विलक्षण वाटतं.

माझी आई दहा मिनिटांत तिसऱ्यांदा "जेवलास का रे?" विचारते, तेव्हा अशा बातमीवर विश्वास ठेवावासा फार वाटतो. पण तिच्या चालू गोळ्या मी थांबवणार नाही.