लाइटरूमचा कॅटलॉग विंडोजवरून मॅकवर न्यायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. विंडोज पीसी सोडून मॅक घेतलाय. लाइटरूम क्लासिक या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग एक्स्टर्नल ड्राइव्हवरून तिकडे हलवायचा आहे. फोटो आधीच त्या ड्राइव्हवर आहेत, पण तो विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटचा आहे. मॅक वाचेल, लिहिणार नाही. मग फोटो दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून हा दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅट फॉरमॅटचा करू?

खरी काळजी पुढची आहे. कॅटलॉगमध्ये फोटो नसतातच, असतो फक्त त्यांचा पत्ता आणि आपलं एडिटिंग. विंडोजवर तो पत्ता ‘ई:’पासून सुरू होतो, मॅकवर ‘व्हॉल्यूम्स’पासून. म्हणजे प्रत्येक फोल्डरवर प्रश्नचिन्ह येणार. सगळ्यात वरचं फोल्डर ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ने दाखवलं की आतली आपोआप जुळतात ना?

एडिटिंगची माहिती एक्सएमपी स्वरूपात सेव्ह करून फोटो नव्याने इम्पोर्ट करा, असंही एकाने सुचवलं. पण त्यात कलेक्शन (फोटोंचे आपण लावलेले गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या वेगळ्या एडिटिंगच्या आवृत्त्या) येत नाहीत. आजोळच्या अल्बममधले फोटो स्कॅन करून, मावशीला एकेक चेहरा विचारून मी ती कलेक्शन लावली आहेत. ती गमावणं मला अजिबात परवडणार नाही.

आणि हो, प्रीव्ह्यूचं (लाइटरूमने बनवलेल्या फोटोंच्या झलकांचं) फोल्डरही सोबत न्यायचं, की मॅकवर नव्याने बनू द्यायचं? कोणी हे केलं असेल तर कृपया क्रमाने सांगा. तोवर जुन्या पीसीला हात लावत नाही.